राजघाटाचे दर्शन कसे घ्यावे : तीस जानेवारी मार्गापासून समाधीपर्यंतचा एक दिवस

दिल्लीदर्शनाच्या बसमधून राजघाटावर उतरलेला प्रवासी साधारणपणे पंधरा-वीस मिनिटे तेथे थांबतो. पादत्राणे जमा करतो, काळ्या संगमरवरी चौथऱ्याभोवती एक फेरी मारतो, ज्योतीसमोर छायाचित्र काढून घेतो आणि येथे पाहण्यासारखे फारसे काही नाही असे मनाशी म्हणत लाल किल्ल्याच्या वाटेला लागतो. त्याला दोष देता येत नाही. ३१ जानेवारी १९४८ रोजी जेथे महात्मा गांधींच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले, त्या जागेवरची ही समाधी वास्तुविशारद वानू भूता यांनी अत्यंत साधेपणाने आखली आहे. समाधीवर मूर्ती नाही, चरित्रप्रसंगांची भित्तिशिल्पे नाहीत, छत्री नाही, कळस नाही. उघड्या आकाशाखाली एक चौथरा, त्यावर ‘हे राम’ ही दोन शब्दांची ओळ, एका टोकाला अखंड तेवणारी ज्योत आणि भोवती हिरवळ, एवढेच तेथे आहे. जो माणूस येताना मनात काही घेऊन येत नाही, त्याला हा दगड स्वतःहून काहीही सांगत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, राजघाट पहिल्यांदा पाहू नये; शेवटी पाहावा. ज्या घरात गांधीजींनी आयुष्याचे शेवटचे १४४ दिवस काढले, तेथून दिवसाची सुरुवात करावी, दुपारी समाधीसमोरील गांधी संग्रहालय पाहावे आणि संध्याकाळ समाधीसाठी राखून ठेवावी. असे केल्यास संपूर्ण दिवस जातो हे खरे, पण दिल्लीच्या धावपळीच्या सहलीत जे हाती लागत नाही ते या एका दिवसात लागते. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने लिहिले आहे.

वार आणि हंगाम

शक्य असेल तर शुक्रवार निवडावा. गांधीजींची हत्या शुक्रवारी झाली आणि त्या स्मरणार्थ दर शुक्रवारी सायंकाळी समाधीपाशी प्रार्थना होते. सोमवार मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्या दिवशी तीस जानेवारी मार्गावरील गांधी स्मृती आणि राजघाटासमोरील राष्ट्रीय गांधी संग्रहालय ही दोन्ही ठिकाणे बंद असतात आणि मग पुन्हा तोच पंधरा मिनिटांचा राजघाट वाट्याला येतो. राष्ट्रीय सुट्ट्यांच्या दिवशीही आधी चौकशी करूनच निघावे. तिन्ही ठिकाणी प्रवेशशुल्क नाही.

हवेचा विचार करता फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम. दिवाळीच्या सुमारास दिल्लीची हवा दम्याचा त्रास असणाऱ्यांना सोसत नाही, तर डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्यांना तासन्‌तास उशीर होतो. जानेवारीच्या उत्तरार्धात प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तयारी सुरू असते, मध्य दिल्लीतील अनेक रस्ते अडवलेले असतात आणि सुरक्षेची तपासणी कडक असते. तरीही ३० जानेवारीलाच समाधीवर जावे असे अनेकांना मनापासून वाटते. त्या दिवशी, तसेच २ ऑक्टोबरला, राष्ट्रपती, पंतप्रधान आणि इतर मान्यवर समाधीवर येतात, सर्वधर्मप्रार्थना होते आणि त्या वेळात सामान्य माणसाला आत सोडले जात नाही. अशा दिवशी जायचेच असेल तर तो सोहळा आटोपल्यानंतरच जावे. परदेशी राष्ट्रप्रमुख दिल्लीत आले की तेही पुष्पचक्र वाहण्यासाठी येथे येतात आणि त्यासाठी परिसर काही काळ बंद ठेवला जातो. म्हणून परतीच्या गाडीची वेळ आणि राजघाटाची वेळ एकमेकांना खेटून ठेवू नये.

निघण्यापूर्वी

पुणे आणि परिसरातील वाचकांनी दिल्लीचे तिकीट काढण्यापूर्वी एक सकाळ नगर रस्त्यावरील आगाखान महालात घालवावी, असे मी सुचवीन. ‘भारत छोडो’ आंदोलनाच्या वेळी ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजी तेथे स्थानबद्ध होते. आल्यानंतर आठवडाही झाला नव्हता तोच, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तेथेच वारले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनीही तेथेच देह ठेवला. दोघांच्या समाध्या महालाच्या आवारात शेजारी शेजारी आहेत. महादेवभाईंवर जेथे अंत्यसंस्कार झाले त्या जागी गांधीजी स्थानबद्धतेच्या काळात रोज फुले घेऊन जात असत. समाधीपाशी कसे उभे राहावे, हे त्यांच्याकडूनच शिकता येते.

दिल्लीच्या आदल्या रात्री सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९४८ या पाच महिन्यांचा घटनाक्रम एकदा डोळ्यांखालून घालावा. कलकत्त्यातील दंगल उपोषणाने शमवून गांधीजी ९ सप्टेंबर १९४७ रोजी दिल्लीला आले, ते पंजाबात जाण्याच्या विचाराने. शाहदरा स्थानकावर सरदार पटेल त्यांना घ्यायला आले होते. दिल्लीत आले की ते वाल्मीकी वस्तीत उतरत, पण ती जागा निर्वासितांनी भरून गेली होती, म्हणून त्यांना बिर्ला भवनात नेण्यात आले. दिल्लीच जळत होती. पंजाब दूर राहिला. पुढे १३ जानेवारीला त्यांनी उपोषण सुरू केले आणि १८ जानेवारीला, राजेंद्रप्रसादांच्या पुढाकाराने सर्व समाजांच्या पुढाऱ्यांनी लेखी प्रतिज्ञा दिल्यानंतर, मौलाना आझादांच्या हातून फळांचा रस घेऊन ते सोडले.

त्या प्रतिज्ञेतील कलमे अवश्य वाचावीत, कारण त्यात गोड गोड शांतिवचने नाहीत. करायच्या कामांची यादी आहे. ताब्यात घेतलेल्या मशिदी परत कराव्यात, सब्जीमंडी, करोलबाग, पहाडगंज अशा वस्त्यांतून मुसलमानांना निर्धास्त फिरता यावे, त्यांना पूर्वीप्रमाणे व्यवसाय करता यावा, मेहरौलीचा उरूस दरवर्षीप्रमाणे भरावा, आणि हे सारे पोलीस किंवा लष्कराच्या बळावर न करता स्वतःच्या प्रयत्नाने करावे, असे त्यात आहे. शांतता म्हणजे नेमके काय, हे इतक्या रोकठोक भाषेत क्वचितच कोणी लिहून घेतले असेल.

सकाळ : गांधी स्मृती

पूर्वीच्या अल्बुकर्क रोडला आता तीस जानेवारी मार्ग म्हणतात. त्यावरील जुने बिर्ला भवन, म्हणजेच आजचे ‘गांधी स्मृती’, हे आपले पहिले ठिकाण. घनश्यामदास बिर्ला यांनी १९२८ मध्ये बांधलेली ही वास्तू सरकारने १९७१ मध्ये ताब्यात घेतली आणि १५ ऑगस्ट १९७३ रोजी लोकांसाठी खुली केली. मेट्रोने येणाऱ्यांनी पिवळ्या मार्गिकेवरील लोककल्याण मार्ग स्थानकावर उतरून तेथून रिक्षा करावी. दार उघडण्याच्या सुमारासच पोहोचावे. शाळांच्या सहली थोड्या उशिरा येऊ लागतात आणि मग खोल्यांतून शांतपणे थांबणे कठीण होते.

आत गेल्यावर बहुतेक जण लगेच वरच्या मजल्यावरील बहुमाध्यम प्रदर्शनाकडे वळतात. मुलांना ते आवडते आणि ते चांगलेही आहे, पण ते शेवटी ठेवावे. आधी गांधीजींच्या खोलीकडे जावे. जमिनीवरची गादी, टेकायला तक्क्या, लिहिण्याचे बुटके मेज, चरखा, आणि त्यांच्या मोजक्या वस्तू. उद्योगपतीच्या प्रशस्त बंगल्यात राहत असूनही या माणसाने स्वतःपुरते किती लहान घर मांडले होते, ते येथे पाहून कळते. याच खोलीत ३० जानेवारीला दुपारी चार वाजल्यापासून सरदार पटेल त्यांच्याशी बोलत बसले होते. पटेल आणि नेहरू यांच्यातील मतभेदांचा विषय होता, बोलणे लांबले आणि वेळेच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असलेल्या गांधीजींना पाचच्या प्रार्थनेला निघायला उशीर झाला.

खोलीतून बाहेर पडले की पावलांची वाट सुरू होते. गांधीजी शेवटचे ज्या वाटेने चालत गेले, त्या वाटेवर त्यांच्या पावलांच्या आकाराचे उठावदार ठसे बसवले आहेत. या वाटेवरून चालताना घाई करू नये, आणि ठशांवर पाय देऊन चालू नये, बाजूने चालावे. एकेका ठशाकडे खाली वाकून पाहावे. डावे, उजवे, पुन्हा डावे, अशी ती जोडी हिरवळीच्या कडेने पुढे जात राहते, काही पायऱ्या चढून प्रार्थनेच्या मैदानावर येते आणि थोड्या अंतरावर एकदम थांबते. पुढचे पाऊल नाही. तेथे हुतात्मा स्तंभ आहे. कुटुंबातील आभा आणि मनू या तरुणींच्या खांद्यांवर हात ठेवून ते येथवर आले, वाट अडवून उभ्या राहिलेल्या मारेकऱ्याने तीन गोळ्या झाडल्या, आणि सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटांची ती वेळ या जागेशी कायमची जोडली गेली.

मोबाइल फोन खिशात ठेवण्याची ही जागा आहे. छायाचित्र काढायला येथे कोणी अडवत नाही, परंतु स्तंभाला टेकून हसऱ्या चेहऱ्याने छायाचित्र काढून घेणारी मंडळी पाहिली की मन विषण्ण होते. वाटेचे छायाचित्र हवेच असेल तर परतताना काढावे.

मैदानावर एखाद्या बाकावर निदान अर्धा तास बसावे. येथे रोज पाच वाजता प्रार्थना होत असे, तीत गीतेतील स्थितप्रज्ञाचे श्लोक, कुराणातील आयती, पारशी प्रार्थना आणि भजने असत आणि त्यानंतर गांधीजी बोलत. ही भाषणे आकाशवाणीकडून ध्वनिमुद्रित केली जात. कुराणातील वचनांना कोणी आक्षेप घेतला, तर त्या आक्षेपकाला हुसकून न लावता गांधीजी त्याच्याशी बोलत, प्रसंगी त्या दिवसाची प्रार्थनाच सोडून देत. २० जानेवारीला याच आवारात हत्येच्या कटातील मदनलाल पाहवाने स्फोट घडवला, भिंतीचा काही भाग उडाला, तरी ते जागेवरून हलले नाहीत. त्यानंतर प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्याची परवानगी पोलिसांनी मागितली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. देवाच्या प्रार्थनेला येणाऱ्या माणसाची झडती घ्यायची नाही, हा त्यांचा निर्णय चुकीचा होता की बरोबर, यावर आजही वाद घालता येईल. पण मैदानावर बसून त्याचा विचार करताना तो वाद वेगळाच वाटू लागतो. प्रवेशद्वारावर आपली झडती नुकतीच झालेली असते.

मुलांच्या प्रश्नाची तयारी

मराठी कुटुंबांनी येथे येताना एका प्रश्नाची तयारी ठेवावी. ‘त्यांना कोणी मारले आणि का?’ असे मूल विचारतेच. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे पुण्यातून कारवाया करीत होते, विष्णू करकरे अहमदनगरचा. कटातील अनेक धागे महाराष्ट्रात होते. हे सांगताना अडखळू नये, विषय बदलू नये आणि ‘त्या वेळची परिस्थितीच तशी होती’ अशा गुळमुळीत वाक्यावर वेळ मारून नेऊ नये. मारेकऱ्याचे म्हणणे काय होते ते मुलाला वयानुरूप सांगावे, आणि त्या म्हणण्याला उत्तर काय आहे तेही सांगावे. एका निःशस्त्र, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, प्रार्थनेला निघालेल्या माणसावर गोळ्या झाडणे हे कोणत्याही मताचे समर्थन होऊ शकत नाही, एवढे तरी स्पष्ट शब्दांत त्याच्या कानावर पडलेच पाहिजे.

त्याच वेळी दुसरी गोष्टही सांगावी. हत्येनंतर महाराष्ट्रात, विशेषतः पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगली या भागांत, केवळ मारेकऱ्याच्या जातीचे म्हणून अनेक निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. ज्याच्या नावाने हे केले गेले त्याने दिल्लीत अखेरपर्यंत एका माणसाच्या अपराधासाठी त्याच्या समाजाला शिक्षा करू नका, हेच कंठशोष करून सांगितले होते. या दोन्ही गोष्टी आपल्या घरांतून कुजबुजत्या आवाजात, आणि बहुधा एकीला दुसरीच्या आड लपवून, सांगितल्या जातात. त्या एकत्र आणि मोकळेपणाने सांगण्यासाठी बिर्ला भवनाच्या हिरवळीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

दुपार : संग्रहालय

लोककल्याण मार्गावरून पुन्हा मेट्रो धरावी, केंद्रीय सचिवालय स्थानकावर जांभळ्या मार्गिकेची गाडी बदलावी आणि दिल्ली गेट येथे उतरावे. तेथून राजघाट चालत जाण्याजोगा आहे, पण उन्हात ज्येष्ठांनी रिक्षाच करावी. जेवण दर्यागंजात उरकून घ्यावे, कारण समाधीच्या परिसरात खाण्याची सोय शोधत बसणे इष्ट नाही आणि आत खाद्यपदार्थ नेऊही नयेत.

राष्ट्रीय गांधी संग्रहालय समाधीच्या समोर, रस्त्यापलीकडे आहे. १९६१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. सकाळी पाहिलेल्या प्रसंगाचा पुरावा येथे काचेआड आहे : शेवटच्या क्षणी अंगावर असलेली रक्ताचे डाग पडलेली वस्त्रे आणि गोळ्यांपैकी एक. लहान मुलांना हे दालन दाखवायचे की नाही ते पालकांनी ठरवावे. चरखे, काठ्या, पत्रे आणि छायाचित्रे यांना मिळून तास-दीड तास पुरतो. पावलांची वाट पाहून आलेल्या माणसाला येथे फार वेळ लागत नाही. तो काय शोधायचे ते ठरवूनच आलेला असतो.

संध्याकाळ : समाधी

रस्ता ओलांडून समाधीच्या आवारात शिरताना मनाशी ३१ जानेवारी १९४८ हा दिवस उभा करावा. बिर्ला भवनाहून निघालेल्या अंत्ययात्रेला येथवर पोहोचायला पाच तासांच्या आसपास लागले. पार्थिव लष्करी वाहनावर ठेवले होते, पण त्याचे इंजिन बंद होते. तिन्ही दलांच्या जवानांनी दोरखंड लावून ते ओढत आणले. दुपारी आपण मेट्रोने जे अंतर सहज कापले, ते त्या दिवशी लाखोंच्या गर्दीतून पावलापावलाने कापले गेले. चितेला अग्नी देणारे पुत्र रामदास हे नागपूरला राहत असत; ते त्याच दिवशी सकाळी विमानाने दिल्लीला पोहोचले होते. अहिंसेच्या उपासकाची अंत्ययात्रा लष्कराच्या देखरेखीखाली निघाली, हे अनेकांना त्या वेळीही खटकले होते आणि आजही विचार करणाऱ्याला खटकते.

आवारात शिरल्यावर पादत्राणे ठेवण्याची जागा आहे. मार्च ते ऑक्टोबर या काळात फरसबंदी तापलेली असते, म्हणून पायमोजे बरोबर ठेवावेत; वृद्धांच्या बाबतीत तर हे विसरूच नये. मोठी पिशवी हॉटेलात ठेवून यावी, कारण येथेही तपासणी होते.

थेट चौथऱ्याकडे जाण्यापूर्वी भोवतीच्या उंचवट्यावरील मार्गावरून एकदा पूर्ण फेरी घालावी. समाधी खोलगट जागेत आहे आणि चारही बाजूंनी मातीचे उतार व दगडी भिंती तिला रस्त्याच्या गोंगाटापासून दूर ठेवतात. वरून पाहिले की हिरवळीच्या मधोमध काळा चौकोन, त्यावर झेंडूच्या फुलांची केशरी नक्षी आणि काचेतील ज्योत दिसते. दिल्लीतील सत्ताधीशांची स्मारके माणसाला मान वर करून पाहायला लावतात; येथे मान खाली घालून पाहावे लागते. वानू भूतांच्या या आराखड्याचे खरे मोठेपण मला यात वाटते आणि ते चौथऱ्याजवळ उभे राहून कळत नाही, वरूनच कळते.

मग खाली उतरावे. फुले वाहायची असल्यास ती सुटी असावीत, प्लास्टिकच्या वेष्टनातला गुच्छ आणू नये. चौथऱ्याला हात लावण्याचा, त्यावर डोके टेकण्याचा आग्रह धरू नये. सुरक्षारक्षक अडवतात आणि त्यांच्याशी हुज्जत घालणे या ठिकाणी शोभत नाही. नमस्कार करून बाजूला व्हावे आणि हिरवळीच्या कडेला बसावे.

आवारात गांधीजींची वचने निरनिराळ्या भाषांत लावलेली आहेत. त्यांतील ‘सात सामाजिक पापे’ हा फलक शोधून वाचावा. तत्त्वहीन राजकारण, श्रमाविना संपत्ती, विवेकाविना सुखोपभोग, चारित्र्याविना ज्ञान, नीतीविना व्यापार, मानवतेविना विज्ञान आणि त्यागाविना पूजा, अशी ही यादी ऑक्टोबर १९२५ मध्ये त्यांनी आपल्या साप्ताहिकात छापली होती. मुले बरोबर असल्यास त्यांना यातील एकेकाचे आजचे उदाहरण विचारावे. ती जी उत्तरे देतात ती ऐकून मोठ्यांनाच गप्प बसावे लागते.

मराठी माणसाने येथे विनोबांचीही आठवण ठेवावी. १९५१ मध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेवर बोलण्यासाठी पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले. विनोबा वर्ध्याजवळच्या पवनारहून १२ सप्टेंबरला निघाले, वाटेत भूदान मागत पायी चालत नोव्हेंबरमध्ये दिल्लीला पोहोचले आणि कोणाच्याही बंगल्यावर न उतरता याच समाधीजवळ एका झोपडीत राहिले. नियोजन आयोगाच्या सदस्यांनाच त्यांना भेटायला राजघाटावर यावे लागले. तेलंगणात पोचमपल्लीला सुरू झालेल्या भूदानाचा विस्तार या वाटचालीतून झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे ही समाधी केवळ पुष्पचक्रांची जागा राहत नाही.

शुक्रवारच्या प्रार्थनेची नेमकी वेळ आल्याबरोबर तेथील कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावी आणि पंधरा मिनिटे आधी जाऊन बसावे. अनोळखी माणसालाही बसता येते. आमंत्रण लागत नाही. भजनांत सूर मिसळावा, टाळ्यांचा गजर करू नये. येथे गायिल्या जाणाऱ्या ‘रघुपती राघव राजाराम’ची जी चाल आपल्या सर्वांच्या कानांत बसली आहे, ती कुरुंदवाडच्या पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांची म्हणून ओळखली जाते; त्यांचेच शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेचे संगीत सांभाळत आणि आश्रमाच्या भजनसंग्रहात मराठी संतांचे अभंगही त्यांच्यामुळे आले. प्रार्थनेला येणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असले तर रामधून म्हणताना आवाज आपोआप मोकळा होतो.

प्रार्थना नसेल त्या दिवशी काय करावे, असे विचारले जाते. सूर्य कलल्यावर हिरवळीवर दहा मिनिटे काहीही न बोलता बसावे. मुले कंटाळली तर त्यांना उठू द्यावे, दटावून बसवू नये.

वेळ उरल्यास

राजघाटाच्या उत्तरेला शांतिवन, शक्तिस्थळ, वीरभूमी, विजयघाट अशा समाध्या एकापुढे एक आहेत. सगळ्या एकाच दिवशी पाहण्याचा हट्ट करू नये. फार तर लालबहादूर शास्त्रींच्या विजयघाटावर जावे. यमुना मात्र आता येथून दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. नदीचा प्रवाह दूर सरकला आहे आणि मधून मोठा वर्तुळाकार रस्ता गेला आहे. जुलै २०२३ च्या महापुरात मात्र तिचे पाणी राजघाटाच्या आवारात शिरले होते, त्यामुळे पावसाळ्यात बातम्या पाहूनच निघावे.

त्यापेक्षा, दिल्लीतील दुसरा दिवस हाताशी असेल तर मेहरौलीला जावे. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळच्या प्रतिज्ञेत ज्या उरुसाचा उल्लेख होता, तो ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याचा. दंगलीत त्या दर्ग्याची नासधूस झाली होती. प्रतिज्ञा पाळली गेली, उरूस भरला आणि उपोषणाने थकलेले गांधीजी २७ जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे मृत्यूच्या तीन दिवस आधी, स्वतः तेथे गेले. हिंदू आणि शीखही मोठ्या संख्येने आले होते. बहुतेक पर्यटक कुतुबमिनार पाहून परततात आणि तेथून जवळच असलेल्या या दर्ग्याकडे फिरकत नाहीत. पिवळ्या मार्गिकेवरील कुतुबमिनार स्थानकावर उतरून मेहरौली गावात जाणारी रिक्षा करावी. बाजारातील वाट अरुंद आहे, शेवटचा टप्पा पायीच जावे लागते. डोके झाकण्यासाठी रुमाल किंवा ओढणी बरोबर ठेवावी. स्त्रियांना मुख्य कबरीच्या कठड्याच्या आत प्रवेश दिला जात नाही, हे आधीच माहीत असावे. गुरुवारी संध्याकाळी तेथे फार गर्दी असते, म्हणून शनिवारची सकाळ बरी.